माळढोकासाठी कोणता माळ राखायचा?

मागील अंकात माळढोक पक्ष्याविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना, हा पक्षी वाचवायचा असेल तर आधी त्याचा माळ वाचवावा लागेल, असे मी लिहिले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. काहींनी शंका विचारल्या, काहींनी आपली जमीन आणि आपले अनुभव सांगितले आणि दोघा-तिघांनी स्पष्ट शब्दांत नाराजीही कळवली. त्यांतील सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेने गावाच्या गायरानावर पाचशे रोपे लावण्याचे ठरवले होते. खड्डेही खणून झाले होते. तेवढ्यात एका पक्षीनिरीक्षकांनी ‘हा जिवंत माळ आहे, इथे झाडे लावू नका’ असे सांगितले आणि आम्ही संभ्रमात पडलो. झाड लावणे हे केव्हाही चांगलेच नसते का? (एक शिक्षिका, बार्शी तालुका)

उत्तर : आपला हेतू चांगला आहे यात शंका नाही, तरीही त्या निरीक्षकांचे म्हणणे ऐकावे असेच मी सुचवीन. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, वीतभर मातीखाली लागणारा मुरूम आणि वर्षातले सात-आठ महिने तापणारे ऊन, अशा ठिकाणी निसर्गाने हजारो वर्षांत जे उभे केले ते गवताचे राज्य आहे. पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी गवते उन्हाळ्यात वाळून करडी होतात आणि त्यामुळे बघणाऱ्याला माळ मेल्यासारखा वाटतो. परंतु त्यांची मुळे जमिनीत जिवंत असतात आणि मृगाच्या पहिल्या दोन सरी झाल्या की आठवड्याभरात तोच माळ हिरवा होतो. हवेतला जो कार्बन झाड आपल्या खोडात साठवते, तो गवताळ प्रदेश मुख्यतः मातीत साठवतो, म्हणून तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

या मोकळेपणावरच माळावरच्या प्राण्यांचे जगणे बेतलेले आहे. माळढोक जमिनीवरच, गवताच्या आडोशाने, अंडे घालतो. मीटरभर उंचीचा आणि पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी संकट दुरूनच हेरून बाजूला होतो आणि त्यासाठी त्याला चारही बाजूंना दूरवर दिसावे लागते. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तेही मादीला तो लांबून दिसावा म्हणून मोकळ्या, किंचित उंच जागी. अशा जागी ग्लिरिसिडियाच्या, सुबाभळीच्या किंवा निलगिरीच्या रांगा उभ्या राहिल्या की माळढोक ती जागा सोडतो, कारण त्याच्या दृष्टीने तिथे आता आडोसे झालेले असतात आणि आडोशात कुत्रा, कोल्हा किंवा माणूस लपू शकतो. धाविक, चंडोल, भोवत्या, काळवीट, खोकड, लांडगा या सगळ्यांनाही कमीअधिक प्रमाणात असाच मोकळा प्रदेश लागतो. भारतातून १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झालेला चित्ताही अशाच मोकळ्या रानांचा रहिवासी होता.

दुर्दैव असे की आपल्या सरकारी कागदपत्रांत माळरानाची नोंद दीर्घकाळ ‘पडीक जमीन’ अशीच होत आली. पडीक म्हटले की ती कुणाच्या तरी उपयोगी आणावी असे वाटू लागते आणि मग वनीकरण, औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प असे जे जे काही दुसरीकडे मावत नाही ते माळावर येते. पूर्वी दुष्काळी भागासाठी आखलेल्या योजनांतून सोलापूरच्या माळांवर झाडे लावणाऱ्यांच्या मनातही वाईट काही नव्हते. मात्र त्यातून माळाचे तुकडे पडले, ही वस्तुस्थिती आहे.

आपल्या शाळेला रोपे लावायचीच आहेत, तर ती ओढ्याच्या काठाने, शेताच्या बांधावर, शाळेच्या आवारात आणि गावठाणात लावावीत. कडुनिंब, बाभूळ, बोर, चिंच ही झाडे तिथे शोभतीलही आणि जगतीलही. खणलेले खड्डे तेवढे पावसाआधी बुजवून घ्यावेत. त्या गायरानावर मुलांनी वर्षभर दर महिन्याला एक फेरी मारून कोणते गवत केव्हा फुलते आणि कोणते पक्षी केव्हा येतात याची वही ठेवली, तर पाचशे रोपांपेक्षा मोठे काम शाळेच्या हातून होईल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : धोक्यात आलेल्या प्रजाती इतक्या आहेत की सर्वांच्या सर्व जागा राखणे अशक्य वाटते. एखादी जागा ‘कळीची’ आहे हे ठरवतात तरी कसे? (एक निवृत्त अधिकारी, नागपूर)

उत्तर : ढोबळ कसोटी अशी की ती जागा गेली तर त्या प्रजातीला दुसरीकडे जाता येईल का, हे पाहायचे. जिथे उत्तर ‘नाही’ असे येते, ती जागा कळीची. प्रजातीच्या एकूण संख्येतला मोठा वाटा जिथे राहतो, जिथे ती वीण करते, किंवा स्थलांतराच्या वाटेवर जिथे थांबल्यावाचून तिला पुढे जाता येत नाही, अशा जागांना अग्रक्रम मिळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये यासाठी जगभर लागू पडतील असे निकष प्रसिद्ध केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता परिषदेत, २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट भारतासह सदस्य राष्ट्रांनी मान्य केले. माझे मत असे की टक्केवारीपेक्षा जागेची निवड महत्त्वाची आहे. बर्फाळ डोंगराचा सहज मिळणारा मोठा पट्टा राखून ३० टक्के भरतील, पण त्याने माळढोकाचे काही भले होणार नाही.

जागा माहीत नसेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रानपिंगळा हे लहान घुबड १८८४ नंतर शास्त्रज्ञांना खात्रीलायकरीत्या सापडले नव्हते आणि ते नामशेष झाले असावे, असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसले आणि नंतर मेळघाटात, यावलमध्ये, अगदी मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याच्या नोंदी झाल्या. मधल्या ११३ वर्षांत सातपुड्यातली सागाची किती विरळ जंगले शेतीखाली गेली असतील, याचा हिशेब त्या पक्ष्याच्या नावावर कुणी मांडलाच नाही.

आंध्र प्रदेशातील जेर्डनचा धाविक हे याहून नाजूक उदाहरण आहे. काटेरी झुडपांच्या विरळ रानात रात्री वावरणारा हा पक्षी शतकभर नाहीसा मानला गेला होता. १९८६ मध्ये तो कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडला. त्याच्या रानातून तेलुगू गंगा कालवा जाणार होता, तेव्हा तिथे अभयारण्य झाले आणि कालव्याचा मार्ग बदलण्यात आला. पाण्याची निकड असलेल्या दुष्काळी भागात कालवा वळवणे ही साधी गोष्ट नव्हती, म्हणून तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्यानंतर बरीच वर्षे तो पक्षी कुणाला दिसला नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे. जागा राखल्याने प्रजाती वाचेलच, असे वचन कुणी देऊ शकत नाही. जागा गेली तर मात्र वाचवण्यासारखे काहीच उरत नाही.

प्रश्न : माझे वडील म्हणत असत की आमच्या उताऱ्यावर माळढोकाचे नाव आमच्या नावापेक्षा मोठे आहे. अभयारण्यामुळे जमिनीचे व्यवहार अडले, कर्ज अडले, आणि पक्षी तर मी चाळीस वर्षांत तीनदाच पाहिला. आता तो उरलाही नाही. शेतकऱ्याने हे ओझे का वाहावे? (एक शेतकरी, मोहोळ तालुका)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर देताना आधी सरकारी चूक मान्य करणे भाग आहे.

सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या परिसरात माळढोक आहेत, हे १९७० च्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आले आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र ठरले ८,४९६ चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या रेषेच्या आत गावे आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आले, ओलिताची शेतेही आली. माळढोकाचा प्रत्यक्ष माळ मात्र त्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता आणि नान्नजचे राखीव गवताळ क्षेत्र काही शे हेक्टरांपलीकडे नव्हते. परिणाम असा झाला की ज्या शेतात माळढोक कधी उतरलाच नाही त्या शेताच्या मालकालाही निर्बंध सोसावे लागले, आणि जिथे तो उतरत होता तिथला माळ नांगरला जाताना कुणाचे लक्ष राहिले नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर तीसहून अधिक वर्षे लोटली होती.

मध्य प्रदेशातल्या करेरा येथे याहून कटू अनुभव आला. १९८१ मध्ये झालेल्या त्या अभयारण्यात बहुतेक जमीन गावकऱ्यांची होती. खरेदी-विक्री अडली, संरक्षणामुळे काळवीट वाढले, ते पिकांत शिरू लागले, आणि लोकांचा राग ज्याच्या नावाने हे सारे झाले त्या पक्ष्यावर गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला आणि पुढे त्या अभयारण्याचा दर्जाही काढून घेण्यात आला. लोकांना परके करून माळावरचा पक्षी वाचत नाही, हे करेऱ्याने दाखवून दिले आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माळढोक हा निव्वळ माळाचा पक्षी नाही, तो कोरडवाहू शेताचाही आहे. ज्वारी, करडई, हरभरा, भुईमूग, मधेच पड ठेवलेला तुकडा, बांधावरची बोरीची झुडपे, अशा शेतात त्याला नाकतोडे, भुंगे, बोरे आणि दाणे मिळत. आपले वडील, आजोबा ज्या पद्धतीने शेती करत होते, त्या पद्धतीनेच हा पक्षी शेकडो वर्षे पोसला गेला. उजनीचे पाणी आले, ऊस आला, द्राक्षबागा आल्या, विहिरींवर आणि बोअरवेलवर वीज आली. यात शेतकऱ्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण दुष्काळात राहणाऱ्या माणसाने पाणी नाकारावे, असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. परंतु माळढोक गेला तो केवळ वनखात्याच्या हलगर्जीने, असेही म्हणता येणार नाही. कोरडवाहू शेतीला भाव मिळाला नाही आणि पड ठेवणे परवडेनासे झाले, त्या बदलात तोही गेला.

म्हणून ओझे कुणी वाहायचे, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की ते समाजाने वाहायला हवे. कळीचे माळ आकाराने लहान असले तरी नेमके आखावेत. त्यांच्या भोवतालच्या पट्ट्यात जो शेतकरी ज्वारी-करडई पेरील, शेताला तारेचे कुंपण घालणार नाही आणि विणीच्या हंगामात पड मोडणार नाही, त्याला त्याचा मोबदला दरवर्षी, वेळेवर, थेट मिळावा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘समूह राखीव क्षेत्र’ हा प्रकार आणला, ज्यात गाव किंवा जमीनमालक स्वतःहून आपली जमीन संवर्धनासाठी देऊ शकतात आणि तिच्या व्यवस्थापनात त्यांचा सहभाग असतो. माळांसाठी या तरतुदीचा वापर फारच कमी झाला आहे.

हे केवळ कागदावर शक्य आहे असेही नाही. अकोला-वाशीम भागात तणमोर या माळढोकाच्या लहान भाऊबंदासाठी फासेपारधी समाजातील लोकांनी गवताचे पट्टे राखायला घेतले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शिकारी म्हणून हिणवले गेले, त्याच समाजाला तणमोर कोणत्या गवतात बसतो, केव्हा उडी घेतो आणि अंडी कुठे घालतो याची सर्वांत बारीक माहिती होती. कुठे चराई करायची, कुठे थांबवायची हे ते बैठकीत बसून ठरवतात. चराईविषयी एक गोष्ट इथेच सांगतो. धनगरांच्या मेंढ्या माळाच्या शत्रू आहेत हा समज चुकीचा आहे. अति चराईने माळ उजाड होतो हे खरे, पण चराई पूर्ण बंद केली तर गवत दाट आणि उंच वाढते आणि त्यात माळढोकाला वावरता येत नाही. विणीचे महिने सोडून बेताची, फिरती चराई हीच माळाची सवय आहे.

प्रश्न : मी सौरऊर्जा क्षेत्रात काम करतो. कोळसा जाळायचा नाही म्हणून आम्ही वाळवंटात सौर प्रकल्प उभे करतो, तर विजेच्या तारांमुळे माळढोक मरतो असे म्हणतात. यात खरे किती? (एक अभियंता, पुणे)

उत्तर : पूर्ण खरे आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला आजूबाजूचे विस्तृत दिसते पण नेमके समोरचे कमी दिसते; उडताना तो खाली जमिनीकडे पाहत असतो आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळू शकत नाही. तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. भारतीय वन्यजीव संस्थेने थर वाळवंटातील पाहणीवरून तिथे दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा अंदाज दिला होता. त्या वेळी थरमधली एकूण संख्याच सव्वाशेच्या आसपास होती. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. या तीन आकड्यांकडे एकत्र पाहिल्यावर वेगळे काही सांगावे लागत नाही. १९६९ च्या सुमारास देशभरात १,२६० माळढोक असल्याचा अंदाज होता, हेही सोबत ध्यानात घ्यावे.

ज्येष्ठ वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधील माळढोकाच्या क्षेत्रांत तारा जमिनीखालून नेण्याचा आणि तोवर तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या बसवण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये, सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी असा सरसकट आदेश व्यवहार्य नाही असे मानून न्यायालयाने तो बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. पर्यावरणाच्या दोन चांगल्या उद्दिष्टांमध्ये इथे निवड करावी लागते आहे, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. सूर्यप्रकाश राजस्थानात हजारो चौरस किलोमीटरवर सारखाच पडतो, माळढोक मात्र त्यातल्या मोजक्या जागांवरच उरला आहे. त्या मोजक्या जागा आणि त्यांना जोडणारे उड्डाणमार्ग सोडून प्रकल्प आखणे, आणि जिथे तार नेल्यावाचून चालत नाही तिथे ती जमिनीखालून नेणे, हे खर्चाचे असले तरी अशक्य नाही. आपल्या कंपनीत जागा निवडण्याच्या वेळी, नंतर परवानग्यांच्या वेळी नव्हे, एखाद्या गवताळ प्रदेशाच्या अभ्यासकाला बोलावले जाते का, एवढे आपण पाहिलेत तरी खूप होईल.

प्रश्न : जैसलमेरला माळढोकाची पिल्ले केंद्रात वाढवली जात आहेत आणि कृत्रिम रेतनही यशस्वी झाले आहे, असे वाचले. मग अधिवासाची एवढी काळजी कशाला? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : बातमी खरी आहे आणि आनंदाची आहे. २०१९ मध्ये जैसलमेर जिल्ह्यात सम येथे प्रजनन केंद्र सुरू झाले, वाळवंटातून अंडी आणून ती यंत्रात उबवली गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. या कामामुळे माळढोक आपल्या डोळ्यांदेखत संपून जाण्याची भीती बरीच कमी झाली आहे.

तरीही केंद्र हे बियाण्याच्या कोठीसारखे आहे. बियाणे राखले पण शेत विकले तर पेरायचे कुठे? रानात माळढोकाचे पिल्लू बरेच महिने आईच्या मागे फिरते. कोणता किडा खावा, ससाणा दिसल्यावर कसे दबून बसावे, उन्हाळ्यात सावली कुठे शोधावी, हे त्याला तिच्याकडून कळते. माणसाने वाढवलेल्या पक्ष्याला हे शिकवणे अवघड आहे आणि मोकळा, कुत्र्यांपासून व तारांपासून सुरक्षित माळ नसेल तर ते शिकवूनही उपयोग नाही. कच्छमध्ये नलियाच्या माळांवर काही माद्या उरल्या, पण नर उरला नाही. तिथला लाला-परजण अभयारण्याचा तुकडा अवघा दोन चौरस किलोमीटरचा आहे. नर पुन्हा आणता येईल, पण त्या तुकड्याभोवतालचा माळ एकदा नांगरला गेला की ते गवत, ती माती, ते कीटक परत उभे राहायला किती पिढ्या लागतील ते सांगता येणार नाही. केंद्रातल्या पक्ष्यांसाठी माळ आत्ता राखायचे आहेत, पिल्ले मोठी झाल्यावर नव्हे.

प्रश्न : आमच्या भागात माळढोक दिसल्याची कुजबुज आहे. दिसल्यास काय करावे? (एक छायाचित्रकार, करमाळा तालुका)

उत्तर : आहात तिथेच थांबावे, गाडीतून उतरू नये, आणि पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला तर मागे फिरावे. जून ते ऑक्टोबर हा विणीचा काळ आहे. या दिवसांत गवतात पायी शिरू नये, कारण मादी अंड्यावरून एकदा उठली की कावळा किंवा मुंगूस यांना तेवढा अवधी पुरतो. छायाचित्र काढले असेल तर ते आणि जागेची नोंद नान्नजच्या वन कर्मचाऱ्यांकडे द्यावी, समाजमाध्यमांवर जागेचे नाव टाकू नये. ज्याच्या शेतात तो उतरला त्या शेतकऱ्याला मात्र आवर्जून भेटावे आणि पक्षी कधीपासून येतो, काय खातो, कुठे बसतो, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. ती माहिती मला पाठवलीत तर, जागेचा उल्लेख टाळून, पुढच्या अंकात तिच्याविषयी लिहीन.